परदेशी विद्यापीठ निवडताना गोव्यातली मुलं हमखास करतात त्या चुका

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "टीचर, पटकन चांगल्या पाच युनिव्हर्सिटी सांगा ना." कुठला विषय, किती वर्षांचा कोर्स, पैसे कुठून येणार, शिकून परत यायचं की तिथेच राहायचं, यातल्या एकाही गोष्टीवर घरात बोलणं झालेलं नसतं. नावं मात्र हवी असतात, आणि तीही आजच. मी नावं सांगत नाही, आधी वही आणायला लावते. त्यावर काही जण पुन्हा येत नाहीत, आणि सहा महिन्यांनी त्यांच्याच आईचा फोन येतो. त्याच त्या चुकांपायी चांगल्या मुलांचं वर्ष आणि घरच्यांची पुंजी जाताना बघवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पोर्तुगीज पासपोर्ट काढला की फी कमी होईल

ही चूक खास आपली. पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांना ती सुचणारसुद्धा नाही. आजी-आजोबा किंवा आई-वडील १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले असले की लिस्बनला जन्मनोंदणी करायची आणि त्या आधारावर पुढच्या पिढीने पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायचं, ही वाट गोव्यात घरोघर माहीत आहे. त्या वाटेने गेलेला एखादा मामेभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. तो सांगतो, "पासपोर्ट काढा, मग इथल्या मुलांइतकीच फी." त्याने सांगितलं म्हणजे ते खरंच असणार, असं धरून घरचे चालतात.

फोंड्याजवळच्या एका गावातली मुलगी. बारावी सायन्सला उत्तम गुण, इंग्लंडमध्ये बायोमेडिकल सायन्स करायचं मनात. पासपोर्ट हातात येईपर्यंत थांबायचं म्हणून ती वर्षभर घरी बसली. वडील बोटीवर. त्यांनी सुट्टीत येऊन वहीच्या पानावर हिशेब मांडला होता: वर्षाला सव्वानऊ हजार पौंड, तीन वर्षं, वर राहण्याचा खर्च. ऑफर लेटर आलं तेव्हा ती पेढे घेऊनच माझ्याकडे आली. मी पत्र उलटून दुसऱ्या पानाच्या तळाशी गेले. तिथे एक ओळ होती, "फी स्टेटस: ओव्हरसीज", आणि पुढचा आकडा वडिलांच्या हिशेबाच्या दुपटीवर. पहिलं पान वाचूनच घरात आनंद झाला होता, दुसरं कुणी पाहिलंच नव्हतं. बोटीवर फोन लावला. आवाज तुटत होता, आणि ते पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होते, "पण पासपोर्ट युरोपचा आहे ना?"

पासपोर्ट युरोपचा होता, पण ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये राहिलं नव्हतं. ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्यानंतर पहिल्यांदाच तिथे जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला भारतीय मुलासारखीच परदेशी फी पडते, स्टुडंट व्हिसा लागतो आणि वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभारही भरावा लागतो. इंग्लंडमधल्या स्थानिक मुलांच्या पदवीची कमाल फी २०२५-२६ मध्ये ९,५३५ पौंड आहे, पण ती या मुलीसाठी नव्हेच. आणि ब्रेक्झिटच्या आधीसुद्धा नुसत्या पासपोर्टवर भागत नव्हतं. कोर्स सुरू होण्याआधी तीन वर्षं युरोपात वास्तव्य लागायचं, गोव्यातून थेट जाणाऱ्याकडे ते कुठून असणार? मामेभावाच्या मुलांना स्थानिक फी लागते ती ते तिथे राहत आले म्हणून, आणि त्यांच्याकडे तिथला सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क, आहे म्हणून.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसासाठीचं ओसीआय कार्ड काढता येतं, पण त्यावर मत देता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मास्टर्ससाठी भारतीयांना मिळणारी कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीही हातची जाते, कारण पोर्तुगाल कॉमनवेल्थमध्ये नाही. अठरा वर्षांच्या मुलीचं नागरिकत्व फीच्या ऐकीव हिशेबावर बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. कुणाला राग आला तरी चालेल.

तो पासपोर्ट निरुपयोगी आहे, असं मात्र मी म्हणत नाही. तो कुठे चालतो ते बघून देश निवडा. नेदरलँड्समध्ये युरोपियन नागरिकाला सरकारने ठरवलेली फी पडते, २०२५-२६ मध्ये २,६०१ युरो. भारतीय मुलाला त्याच वर्गात बसायला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. जर्मनीत बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून अशी फी सुरू केली. पोर्तुगीज नागरिक या दोन्हींतून सुटतो. आयर्लंडमध्ये मात्र पुन्हा वास्तव्याची अट आडवी येते, मागच्या पाचपैकी तीन वर्षांची. आणि खुद्द पोर्तुगालचा विचार तर कुणीच करत नाही! तिथल्या सरकारी विद्यापीठांत स्वतःच्या नागरिकांना पदवीची फी अलीकडची काही वर्षं कमाल ६९७ युरो आहे. पदवीचं शिक्षण बहुतेक ठिकाणी पोर्तुगीजमधून, हे खरं. पण पोर्तुगीज शिकायची सोय भारतात कुठे असेल तर ती पणजीत आणि गोवा विद्यापीठात. दोन वर्षं भाषेला द्यायची तयारी नाही आणि पासपोर्टसाठी तेवढाच काळ थांबायची आहे, हे मला समजत नाही.

ती मुलगी शेवटी नेदरलँड्सला गेली, आणि तिथे तो पासपोर्ट खरोखर कामाला आला. पण एक वर्ष गेलं ते गेलंच.

माझी सवय साधी आहे. अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल लिहायला लावते: नागरिकत्व अमुक, मागची तीन वर्षं राहणार गोव्यात, मला कुठली फी लागेल? लेखी उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. नातेवाइकाचा व्हॉट्सअॅप मेसेज म्हणजे लेखी उत्तर नव्हे.

एजंटची फुकटची यादी

पणजीतल्या हॉटेलात एज्युकेशन फेअर भरतं, स्टॉलवर कॉफी मिळते, आणि अर्ध्या तासात मुलाच्या हाती सहा नावांची यादी येते. मार्गदर्शन फुकट. ते फुकट असतं कारण मुलाचा प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ एजंटला कमिशन देतं. यात बेकायदा काही नाही, आणि काही एजंट मन लावून काम करतात. पण यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही ते बघा. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं सहसा कमिशन देत नाहीत, म्हणून तीही सहसा यादीत नसतात. मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगते: "या यादीतल्या कुठल्या विद्यापीठाकडून तुम्हाला काहीच मिळत नाही?" समोरचा सरळ उत्तर देतो की विषय बदलतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

डिचोलीच्या एका मुलाला अशाच यादीतून इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला. शहर स्वस्त, विद्यापीठ जुनं, म्हणून घरचे खूश. पत्रात "स्टडी लोकेशन" या शब्दांपुढे लंडन लिहिलेलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या विद्यापीठाचा लंडनमध्ये वेगळा कॅम्पस आहे, म्हणजे एका ऑफिस इमारतीतले काही मजले. मुख्य ग्रंथालय, लॅब, हॉस्टेल सगळं उत्तरेला, आणि हा मुलगा लंडनला. शिवाय व्हिसासाठी दाखवायची रक्कम लंडनसाठी वेगळी आणि बाहेरसाठी वेगळी असते. आजच्या दराने महिन्याला १,५२९ पौंड विरुद्ध १,१७१ पौंड, नऊ महिन्यांचा फरक ३,२२२ पौंड. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आदल्या दिवशी काकांकडून उसनी आणून भागत नाही. पैसे जमवून २८ दिवस भरेपर्यंत त्याचा इनटेक, म्हणजे त्या वेळची प्रवेशाची तुकडी, निघून गेला. यादी देणाऱ्याने सांगितलं, "जानेवारीत जा." आता जानेवारीच्या प्रवेशाला कोणते विषय मिळतात, समर इंटर्नशिपचं काय होतं, याची चौकशी कोण करणार?

म्हणून वही. एका कोर्सला एक पान. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन हाताने उतरवायचं: कोर्सचं पूर्ण नाव, शिकवण्याची जागा, पूर्ण कालावधीची फी, प्रत्येक सेमिस्टरचे विषय, इंग्रजीची अट, शेवटची तारीख, आणि हे सगळं कुठल्या दिवशी पाहिलं ती तारीख. मुलं म्हणतात, टीचर, स्क्रीनशॉट काढतो ना. स्क्रीनशॉट काढला की तो मोबाइलमध्येच राहतो, कुणी वाचत नाही. हाताने लिहिताना "प्लेसमेंट इयर (कंपनीत कामाचं वर्ष) मिळेलच असे नाही" हे वाक्य डोळ्यांखालून जातंच.

अमेरिकेसाठी या पानावर आणखी एक ओळ वाढवा: कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे तिथल्या सरकारी वर्गवारीतला अभ्यासक्रमाचा क्रमांक. शिक्षण संपल्यावर कामाचे १२ महिने सगळ्यांना असतात, पण त्यापुढचे २४ महिने फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या कोडला मिळतात. एकाच नावाचे दोन कोर्स, एक स्टेममध्ये, दुसरा बाहेर, असं सर्रास आढळतं. कॅनडासाठी पदवीनंतरच्या वर्क परमिटला तो कोर्स पात्र आहे का, हे लिहा. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी कॉलेजात शिकवणाऱ्या भागीदारीतले कोर्स मे २०२४ पासून त्यातून बाद झाले, तरी जुनी माहिती अजून फिरते आहे.

रँकिंग बघून निवडणं

क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत ३० टक्के वजन प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाला आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांमधल्या नावलौकिकाला आहे. परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण जास्त असलं तरी गुण मिळतात. तुमच्या विषयाच्या वर्गात कोण शिकवतं, हे त्यात कुठे दिसतं? १८० आणि २४० या क्रमांकांतल्या फरकावर मुलं रात्र रात्र जागतात. तो वेळ दोन कोर्सचे विषय शेजारी ठेवून वाचण्यात घालवा.

जर्मनी फुकट आहे ना, मग जर्मनीच

फी नाही म्हणजे खर्च नाही, असं नव्हे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, आणि भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) सक्तीचं आहे. नुसत्या बारावीवर थेट पदवीला प्रवेश सहसा होत नाही. आधी तिथलं श्टुडिएनकोलेग, म्हणजे पदवीआधीचा तयारीचा कोर्स, करावं लागतं, किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे काढावं लागतं. घाई असलेल्यांना हे ऐकायला आवडत नाही. माझ्या मते ते एक वर्ष इथे काढलेलंच बरं, सोबत जर्मन शिकून होतं.

राहायच्या जागेचा विचार शेवटी

अॅमस्टरडॅमच्या विद्यापीठाने स्वतःच परदेशी मुलांना कळवलं होतं की खोली मिळाली नसेल तर येऊ नका. डब्लिनलाही खोलीसाठी झगडावं लागतं. प्रवेशाआधी भाडं विचारा, आणि ते एजंटने जोडून दिलेल्या विद्यार्थ्याला नको. लिंक्डइनवर त्याच कोर्सचे जुने विद्यार्थी शोधा, नम्रपणे लिहा. बरेच जण उत्तर देतात, आडनाव गोव्याचं दिसलं तर आपुलकीने देतात.

परत यायचं असेल तर

डॉक्टर होऊन गोव्यात प्रॅक्टिस करायची असेल तर परदेशात जातानाही 'नीट' या प्रवेश परीक्षेची पात्रता हवीच. शिवाय कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला, आणि त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप. "नीटशिवाय एमबीबीएस" असा फलक दिसला की तिथून निघा. परदेशी कायद्याच्या पदवीवर इथे थेट सनद मिळत नाही, बार कौन्सिलची परीक्षा द्यावी लागते. प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी डोळ्यांसमोर असेल तर पदवीच्या समकक्षतेचे यूजीसीचे नियम आधी वाचा.

वर्गात न जाता व्हिसा टिकवणारी कॉलेजं

"फक्त नाव घाल, पहिल्या दिवसापासून काम कर," असं कुणी सांगितलं तर फार्मिंग्टनची आठवण ठेवा. मिशिगनमधली ही युनिव्हर्सिटी अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून उभी केली होती. तिथे ना वर्ग होते ना शिक्षक. जानेवारी २०१९ मध्ये पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. त्यांतल्या काहींना आपण फसलो आहोत हे खरंच कळलं नसेल. पण शिकवणीचं वेळापत्रकच नसलेल्या विद्यापीठाला फी भरताना एकदा तरी मनात शंका यायला हवी होती.

डिपॉझिट भरण्याची घाई

"शुक्रवारपर्यंत भरा, नाहीतर सीट जाईल." शेवटची तारीख विद्यापीठाच्या पत्रात काय आहे ते बघा, फोनवरचा शुक्रवार आणि पत्रातली तारीख पुष्कळदा वेगळी असते. रिफंडचे नियम छापून घ्या आणि व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत, किती दिवसांत, या दोन ओळींखाली रेघ ओढा. कर्ज काढणार असाल तर पर्वरीच्या गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी योजनेची चौकशी डिपॉझिटच्या आधी करा. पैसे विद्यापीठाच्या खात्यातच भरा, मधल्या कुणाच्या खात्यात नाही. आणि पावती आईच्या किंवा बाबांच्या ईमेलवरही मागवून घ्या.