सोलापुरातून १००० किमीची राईड काढायचीय? मग आधी व्हॉलंटियर बघा

थंडी पडली की टपरीवर हा विषय निघतोच, आपण पण एक मोठी राईड काढू, रात्रंदिवस चालणारी, तीस-चाळीस बाईक, बॅनर, टीशर्ट वगैरे. टीशर्टचा रंग ठरतो, रूट अर्धामुर्धा ठरतो, पण रात्री उमरग्याच्या पंपावर वही घेऊन बसणार कोण, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं आहे की प्लॅनिंग तिथूनच सुरू करा. गाडी चालवणारे आपोआप जमतात, त्यांची काळजी नको.

आधी अंतराचा हिशोब. या प्रकारात सगळ्यात मोठं नाव अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या बाईकवाल्यांच्या संघटनेचं, त्यांची सॅडलसोअर १००० ही राईड म्हणजे २४ तासांत १००० मैल, आपल्याकडे साधारण १६१० किमी. ऐकायला भारी वाटतं पण भागाकार करून बघा, ताशी ६७ चं ॲव्हरेज येतं आणि त्यात जेवण, पेट्रोल, लघवी सगळं धरून. केंद्राच्या २०१८ च्या नोटिफिकेशनप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कमाल ८०. म्हणजे कायम ८० ला काटा ठेवला तरी वीस तास नुसती गाडीच, आणि आपल्या हायवेवर कायम ८० ठेवू देतंय कोण, मध्ये गावं, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर, म्हशी, वरात. एकटा अनुभवी माणूस नीट तयारी करून हे करत असेल तर करू दे, पण तीस जणांना पहिल्यांदा घेऊन जाताना हा आकडा धरू नका. १००० किमी घ्या आणि वेळ २८ तास द्या. लोक नाक मुरडतील, म्हणतील चोवीस तासात नाही तर मग काय मजा, मुरडू देत. ते जादाचे चार तास कशासाठी आहेत ते पुढे सांगतो.

रूटच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. एका लाईनीत लांब कुठंतरी जाऊन परत येण्यापेक्षा तीन पाकळ्या करा आणि प्रत्येक पाकळी सोलापुरात परत आणा. पहिली पुणे रोडने यवतपर्यंत आणि परत, जाऊन येऊन ४१० च्या आसपास. दुसरी हैदराबाद रोडने नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद करत जहीराबाद आणि परत, ती पण तेवढीच. तिसरी विजयपूर, जाऊन येऊन २००. हजाराच्या जरा वर होतं, तीन राज्यं होतात, बहुतेक रस्ता चौपदरी, आणि मेन फायदा म्हणजे ज्याला झेपत नाही तो घराजवळच थांबतो. एका दिशेला पाचशे किमी गेलेला माणूस दमला तरी म्हणतो आता परत तर जायचंच आहे, आणि रेटतो, तिथेच घोळ होतो. पुण्यात शिरायचं नाही, यवतच्या अलीकडे-पलीकडे वळायचं, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून कुणाला काय मिळणार आहे. अंतर मॅपवर बघून सोडू नका, कारने एकदा फिरून या, आणि वळायचा पॉइंट असा निवडा की पलीकडे जायला अंडरपास किंवा पूल आहे, दुभाजकाच्या गॅपमधून यू-टर्न मारायला लावलात तर अपघाताचं आमंत्रण तुम्हीच दिलं समजा.

वेळ अशी लावा. पहाटे ५ ला सुटायचं, दुपारी १ पर्यंत पहिली पाकळी संपते, तासभर जेवण आणि आडवं होणं, २ ला जहीराबादकडे, रात्री १० पर्यंत परत. आणि मग पहाटे ४ पर्यंत कुणालाही गाडी काढू द्यायची नाही. हेच ते जादाचे तास. रात्री २ ते ५ मध्ये शरीर झोप मागतंच, कितीही चहा प्या, आणि डुलकी लागली हे डुलकी लागलेल्याला कळत नाही. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर गाडी विनाड्रायव्हर, आणि पुढे बिनलाईटची उसाची ट्रॉली. ४ ला उठून विजयपूर, उजेड होता होता परतीला, ८ पर्यंत माणूस घरी. शेवटची मुदत सकाळी ९.

तारीख निवडताना पंचांग आणि कारखाने दोन्ही बघा. एप्रिल-मे चा विषयच नको, ४२-४४ ला हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. पावसाळ्यात शेतातली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकाने डांबरावर येते आणि तिच्यावर टायर साबणासारखा जातो. आषाढीला पंढरपूरकडचे रस्ते भरलेले, कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर चालत जाणाऱ्यांचा रस्ता असतो आणि हैदराबादच्या बाजूचं ट्रॅफिक पण त्या दिवशी कसं वळवतील सांगता येत नाही, जानेवारीत गड्डा, सगळं शहर सिद्धेश्वराच्या यात्रेत आणि तुमचे व्हॉलंटियर पण तिकडेच. १९ फेब्रुवारीच्या आदल्या रात्री शिवज्योत घेऊन पोरं हायवेने पळत असतात, ती रात्र सोडा. नोव्हेंबर ते मार्च उसाचा सीझन, डबल ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही. मला विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट बरा, थंडी कमी झालेली, ऊन सोसवतं, काही कारखान्यांची धुराडी बंद व्हायला लागलेली असतात. पूर्ण टळत नाही, म्हणून तर रात्रीचा हॉल्ट.

परवानगीचं काम महिनाभर आधी सुरू करा. शहरात पोलीस आयुक्तालय, बाहेर सोलापूर ग्रामीण, आणि पुढे धाराशिव, पुणे ग्रामीण, कर्नाटक, तेलंगणाच्या पोलिसांना माहितीची पत्रं. पत्रात ही स्पर्धा नाही, नंबर नाहीत, बक्षीस नाही असं स्पष्ट लिहा, आणि ते खरं पण असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्याबद्दलच आहे, आणि गाडीच्या इन्शुरन्समध्ये पण रेसिंग वगळलेलं असतं. म्हणून पहिला आलेल्याचा फोटो, सत्कार, असलं काहीही करायचं नाही. वेळेत आला तो पास, बास.

आता व्हॉलंटियर. तीस रायडर असतील तर २२ ते २५ माणसं लागतात, हो, जवळपास एकास एक, यापेक्षा कमी मिळाली तर रायडर कमी करा. बेसवर म्हणजे सोलापुरातल्या मुख्य मुक्कामी, इंदापूर किंवा भिगवणला, यवतला, उमरग्याला, जहीराबादला, विजयपूरला, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन, एकटा कुणीच नाही. शिफ्ट आठ तासांच्या वर नको, व्हॉलंटियरला पण घरी गाडी चालवत जायचं असतं हे लोक विसरतात. दोन पिकअप गाड्या, प्रत्येकीत ड्रायव्हर आणि एक जण, फळी, बेल्ट, दोऱ्या, पंक्चर किट, हवेचा पंप. आणि एक फोनवाला, हा सगळ्यात महत्त्वाचा. फोनवाल्याने बेसवरून हलायचं नाही, जेवण जागेवर. साधारण क्लबमधल्या काकांपैकी कुणीतरी शांत डोक्याचा माणूस बघा, पोरांना हे काम बोअर होतं, ते मध्येच रील करायला उठतात.

भाषेची सोय सोलापुरात घरबसल्या होते. जहीराबादला घरात तेलुगू बोलणारा पाठवा, विजयपूर आणि हुमनाबादच्या बाजूला कन्नडवाला. पंपवाल्याशी, ढाबेवाल्याशी, हवालदाराशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलली की खुर्ची, पंखा, चार्जिंग सगळं मिळतं. पॉइंट, म्हणजे जिथे रायडर थांबून शिक्का घेतो ती ठिकाणं, नेहमी लाईट असलेल्या, रात्रभर चालू राहणाऱ्या पंपावर ठेवा, आधी मालकाला भेटून. महिला व्हॉलंटियर असतील तर टॉयलेट चालू आहे का ते जाऊन स्वतः बघा, फोनवर विचारलं की सगळे हो म्हणतात.

प्रत्येक पॉइंटला उघडायची आणि बंद व्हायची वेळ असते, सायकलवाल्यांच्या ब्रेवेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या राईडमध्ये, असते तशीच. यवत सोलापूरपासून २०५, म्हणजे ८० ने आला तरी साडेसातच्या आधी पोचायला नको, म्हणून शिक्का ७:३० ला उघडतो आणि १० ला बंद. लवकर आलेला बसून राहतो. एकदा हे कळलं की पळवणारे आपोआप हळू होतात, भाषण द्यायची गरज पडत नाही. पुराव्यासाठी पेट्रोलची छापील पावती घ्यायला लावा, तारीख-वेळ दिसली पाहिजे, हाताने लिहिलेली चालणार नाही. टोलची पावती दुचाकीला मिळतच नाही कारण टोलच नाही, तेव्हा पंपाशिवाय पर्याय नाही. निघताना आणि प्रत्येक पॉइंटवर किलोमीटरच्या काट्याचा फोटो. खिशात थोडी रोकड असू दे सगळ्यांच्या, रात्री यूपीआय हमखास रुसतं.

शिक्का मारणं हे व्हॉलंटियरचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे माणसाकडे बघणं. हेल्मेट काढायला लावा, तोंड बघा. तोच प्रश्न दोनदा विचारतोय, ग्लोव्ह टाकीवर विसरतोय, साईड स्टँड लावताना गाडी हलतेय, इंडिकेटर तसाच चालू ठेवून आलाय, विनाकारण चिडतोय, यातलं दोन गोष्टी दिसल्या की चावी घ्यायची. आणि हा अधिकार आधीच फॉर्मवर लिहून सही घेऊन ठेवायचा, की व्हॉलंटियर थांब म्हणाला तर मी थांबेन, अर्धा तास का दोन तास तो ठरवेल, वाद घातला तर राईड संपली. नाहीतर काय होतं, वीस वर्षांचा पोरगा पॉइंटवर असतो आणि समोर क्लबचा सीनियर दादा, मोठी गाडी, तो म्हणतो मला काय शिकवतो रे, आणि पोरगा गप बसतो. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा की पोराचा शब्द शेवटचा, आणि ऑर्गनायझरला फोन लावून पण तो बदलणार नाही. थांबवलेल्याला कॉफी पाजा आणि लगेच वीस मिनिटं झोपवा, कॉफी चढायला तेवढा वेळ लागतोच, उठल्यावर तरतरी येते. पण ही मलमपट्टी आहे, झोपेला पर्याय नाही.

व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप, रायडरचा फक्त ॲडमिनने लिहायचा, व्हॉलंटियरचा वेगळा, आणि त्यात गुड मॉर्निंग टाकणाऱ्याला काढून टाका. मेसेज ठरलेला, रायडर नंबर, वेळ, ठीक किंवा दमलाय. फोनवाला वहीत पेनाने लिहितो, मोबाईल हँग झाला तरी वही राहते. पुढच्या पॉइंटला अपेक्षेपेक्षा ४५ मिनिटं उशीर झाला की फोन, उचलला नाही तर दहा मिनिटांनी परत, मग मागच्या बाजूने पिकअप सुटते. चालत्या गाडीवर फोन उचलायचा नाही हा नियम आहे, म्हणून पहिल्या फोनला घाबरायचं नाही. अपघात असेल तर आधी १०८ आणि ११२, हायवेची गाडी १०३३ वर, नंतर ग्रुपवर. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती काढा लोकांच्या मनातून, २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलंय, ते अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण देतं. प्रत्येक रायडरच्या गळ्यात कार्ड, रक्तगट आणि घरचा नंबर, लॅमिनेट केलेलं.

बेससाठी बायपासजवळचं एखादं मंगल कार्यालय धरा, लग्नाची तिथी नसलेला दिवस बघून. गाद्या, बाथरूम, आचारी, पार्किंग, सगळं तयार. जेवण हलकं. भिगवणला मासे खायला कुणी थांबलं तर परतीला टेंभुर्णीपर्यंत पण डोळे उघडे राहणार नाहीत, हे आधीच सांगा, मासे पुढच्या रविवारी. वरण-भात, दही, केळी, आणि खिशात कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगा चटणी, खराब होत नाही, पाण्याबरोबर जातं. ओआरएसची पाकिटं प्रत्येक पॉइंटवर.

गाड्यांची तपासणी आदल्या संध्याकाळी, सकाळी पाचला नाही. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, टायर, ब्रेक पॅड, चेन, लाईट. ट्यूबवाल्या टायरच्या गाड्या वेगळ्या लिहून ठेवा, त्यांचं पंक्चर रस्त्यावर निघत नाही पटकन, पिकअप तिथे आधी लागते. मागे रिफ्लेक्टर टेप बेसवरच चिकटवा, सगळ्यांना, महागड्या गाडीवाला नको म्हणाला तरी.

संपल्यावर बाईकवरून घरी कुणालाही सोडू नका, दोन तास झोप नाहीतर घरच्यांना न्यायला बोलवा. सर्टिफिकेट लगेच देऊ नका, पावत्या-फोटो जुळवायला आठवडा घ्या, काट्यात आणि मॅपमध्ये थोडा फरक येतोच, त्यावरून कुणाला बाद करू नका, फक्त पॉइंट आणि वेळा बघा. आणि व्हॉलंटियरच्या पेट्रोलचे, जेवणाचे पैसे त्याच दिवशी हातात द्या, नंतर देतो म्हणालात की पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही.