आतित्लान सरोवराची सहल: नागपूरहून तयारी कशी करावी

आतित्लान हे ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातलं सरोवर. प्रचंड उद्रेकात ज्वालामुखीचं पोट रिकामं झालं, वरची जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साठलं. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,560 मीटरवर, खोली 300 मीटरहून जास्त. काठावर सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान हे तीन ज्वालामुखी आहेत, तर गावं त्सुतुहिल आणि काक्चिकेल या माया समाजांची.

शाळांच्या उन्हाळी सुट्टीचा बेत सोडा. आपल्याकडे मे तापतो तेव्हा तिकडे पावसाळा सुरू होतो आणि पायवाटांचा चिखल होतो. डिसेंबर ते मार्च उत्तम. रात्री चांगलाच गारवा असतो, नागपूरच्या थंडीतलं जाकीट बरोबर घ्या.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो. तिकीट काढण्याआधी तो पाहा. ग्वातेमालाच्या व्हिसाचे नियम दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून लेखी मागवा. ग्वातेमाला सिटीहून पानाहाचेल गाव रस्त्याने तीन-चार तासांवर आहे. रोख केत्साल, म्हणजे तिथलं चलन, पानाहाचेलच्याच एटीएममधून काढा, सुट्ट्या नोटा जास्त ठेवा. पुढच्या लहान गावांत एटीएमचा भरवसा नाही.

गावोगावी जायला लांचा, म्हणजे मोटरबोटी. दुपारच्या सुमारास शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि पाणी उसळू लागतं. पुढच्या बाकावर बसलेल्याची कंबर आदळून निघते, बॅगा भिजतात. म्हणून मोठा प्रवास सकाळीच उरका, मागे बसा, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. संध्याकाळी बोटी लवकर बंद होतात, परतीची शेवटची बोट कधीची हे उतरतानाच विचारून घ्या.

सान पेद्रो (3,020 मीटर) म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंची. वाट सतत चढाची, वर जायला तीन-चार तास. सपाट नागपुरात सेमिनरी हिल्सचा फेरफटका यासाठी अपुरा आहे. दोन महिने आधीपासून दर रविवारी पाठीवर 5-6 किलो घेऊन रामटेकच्या पायऱ्या सलग चार-पाच वेळा चढा-उतरा. उतरणं मुद्दाम करा, कारण गुडघे परतीच्या वाटेवर बोलतात. तिथे गेल्यावर आधी दोन रात्री सरोवरकाठी मुक्काम करा, नाहीतर विरळ हवेने डोकं धरतं. पहाटे निघा, उशीर झाला की ढग शिखर झाकतात आणि एवढ्या चढाईचं दृश्य हातचं जातं. माणशी तीन लिटर पाणी घ्या. स्थानिक वाटाड्या घ्याच: निर्जन वाटांवर लुटालुटीचे प्रकार घडले आहेत.

काठावरच्या सान हुआन गावात बायकांच्या सहकारी संस्था कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर विणतात आणि झाडपाल्यापासून सूत रंगवून दाखवतात. एका कापडामागे कित्येक दिवसांची मेहनत असते, तेव्हा घासाघीस आवरती घ्या. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. काठावरच्याच सांतियागो गावात माशिमोन या लोकदैवताचा मुक्काम दरवर्षी एका घरातून दुसऱ्या घरात हलतो; पत्ता गावात विचारा. तिथे सिगारेट आणि दारू वाहतात. हा त्यांचा देव आहे. टोपी काढा, आवाज खाली ठेवा, फोटोचे पैसे मागितले तर निमूट द्या.

शाकाहाऱ्यांनी काळ्या घेवड्याची उसळ मागवताना ‘सिन मांतेका’ (चरबीशिवाय) म्हणावं, कारण ती बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. मक्याच्या गरम तोर्तिया, अंडी, आव्होकाडो आणि केळी जवळपास सगळीकडे मिळतात.