1380 सीसीच्या मिनीची ताकद 4000 आरपीएमनंतर का संपत होती

माझ्या 1275 जीटी मिनीचे सिलिंडर 70.6 वरून 73.5 मिलिमीटरपर्यंत बोअर केले, तेव्हा 81.3 मिलिमीटर स्ट्रोकमुळे (पिस्टनच्या वर-खाली प्रवासामुळे) इंजिन सुमारे 1380 सीसीचे झाले. पण 4000 आरपीएमनंतर गाडी ओढतच नसे आणि पहिल्या दोन सिलिंडरचे प्लग पांढरे पडत, म्हणजे तिथे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते. टायमिंग बदलले, पेट्रोल पंप बदलला, शेवटी दीड इंची एसयू कार्ब्युरेटरच्या जागी पावणेदोन इंची एचआयएफ44 बसवला, तरी फरक शून्य. तीन आठवडे वाया गेले.

मेख अशी की मिनीच्या या ए-सीरीज इंजिनाच्या हेडला (सिलिंडरांवरच्या भागाला) चार सिलिंडरांसाठी इनटेकची दोनच तोंडे असतात, त्यामुळे एका तोंडात अडथळा आला की दोन सिलिंडर एकदम उपाशी राहतात. माझे मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून हेडपर्यंत मिश्रण नेणारी नळी) जुनेच, कार्ब्युरेटरकडे 38 मिलिमीटर तोंडाचे होते.

प्रथम 44 मिलिमीटर तोंडाचे मॅनिफोल्ड आणले. मग गॅस्केट हेडवर धरून तोंडांच्या कडेवर आत येणारा भाग निळ्या शाईने आखला (पहिल्या तोंडावर तो जवळजवळ दोन मिलिमीटर होता!) आणि धारदार पात्याने कापला. मॅनिफोल्डचे हेडकडचे भोक हेडच्या तोंडाहून मोठे होऊ दिले नाही, कारण तसे झाल्यास आत येणारी हवा कडेवर आपटते. नट मधून बाहेरच्या क्रमाने आवळले, इंजिन मंद चालू ठेवून सांध्यावर कार्ब क्लीनर फवारला; आरपीएम हलले नाहीत, म्हणजे गळती नव्हती. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुई मात्र सर्वांत शेवटी बदलली, आणि पूर्ण थ्रॉटलला मिश्रण 12.8 वर (एक भाग पेट्रोलला 12.8 भाग हवा) स्थिरावले.