धार्मिक संस्थेच्या शाळेत नवे मुख्याध्यापक झालात? या चुका टाळा

नाशकात देवाधर्माच्या प्रेरणेने निघालेल्या शाळा बऱ्याच आहेत. तिथे खुर्चीवर बसवलेला माणूस बहुधा चांगला शिक्षक असतो, पण मुख्याध्यापकपणाची तयारी त्याच्याकडून कुणी करून घेतलेली नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परिपाठ छान झाला की संस्कार झाले, असं धरून चालणं. ती मीच केली. माझा पहिलाच जून. एक आई ऑफिसच्या दाराशी उभी, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत मुलीचं गुणपत्रक. मुलीला महापालिकेच्या शाळेत सातवीत घालायचं होतं, त्यासाठी दाखला हवा होता. फी थकलेली. मी म्हणालो, "आधी बाकी भरा." तासाभरापूर्वी मी मुलांसमोर करुणेवर बोललो होतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम ५ मला नंतर कळलं: आठवीपर्यंतचं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर दाखला लगेच द्यायचा. अडवला तर मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला घेऊन मी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. तुमच्याकडे असे अडवलेले दाखले असतील तर आजच कपाट उघडा.

दुसरी चूक प्रार्थनेची. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासनेसाठी पालकांची संमती लागते. ती प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्या. ज्यांची नाही, त्या मुलांना व्हरांड्यात उभं करू नका. वाचनालयात बसवा, सोबत एक शिक्षक द्या. पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० ला, दलितांना आत प्रवेश मिळावा म्हणून, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. आपल्या गावच्या मुख्याध्यापकाने तरी बाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे विसरू नये.

प्रवेशासाठी विश्वस्तांचा फोन आला, तर नम्रपणे "अर्ज पाठवा, नियमाने बघतो" म्हणा आणि फोनची नोंद ठेवा.

आणि "सर फार भाविक आहेत, असं करणारच नाहीत" म्हणून मुलाची तक्रार दाबू नका. छडी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदच आहे. लैंगिक छळाची शंका आली, तर आधी संस्थेची अंतर्गत चौकशी बसवत वेळ घालवू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अध्यक्षांना त्यानंतर सांगा. त्या मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेत आलं का, हे स्वतः वर्गात जाऊन बघा.