व्होटिव्ह मेणबत्त्यांची सजावट: या चुका टाळा

साधारण ५ सेंटीमीटर उंच आणि ४ सेंटीमीटर व्यासाची व्होटिव्ह ही बुटकी मेणबत्ती उंच मेणबत्तीसारखी स्वतःच्या बळावर उभी राहून जळत नाही. पेटल्यावर काही वेळात ती जवळपास सगळीच वितळते आणि ते पातळ मेण वातीभोवती धरून ठेवायचं काम होल्डर करतो. म्हणजे होल्डर हा या मेणबत्तीचा निम्मा भाग आहे. नुसत्या बशीत किंवा सपाट ट्रेवर ठेवली की मेण पसरतं, वात आडवी होते आणि १० ते १५ तास चालू शकणारी मेणबत्ती फार लवकर आटोपते. ‘मेणबत्तीच खराब निघाली’ अशी तक्रार असते तिथे आधी होल्डर तपासावा.

तोंड मोजलं, तळ मोजला नाही

व्होटिव्ह खाली किंचित निमुळती असते, तर बरेच होल्डर वर पसरट असतात. म्हणून आतला व्यास तळाशी मोजा. मेणबत्तीपेक्षा ४ ते ६ मिलिमीटर जास्त असला की जमलं. ६-७ सेंटीमीटर रुंद ग्लासात तीच मेणबत्ती ठेवली तर मेणाचा पातळ थर होतो, वातीला टेकू उरत नाही, ती कलंडते आणि भोवती मेण शिल्लक असतानाच ज्योत विझते. याउलट घट्ट होल्डरमध्ये मेणबत्ती दाबून बसवू नका. मेण वितळताना फुगतं, आणि होल्डर उंचीलाही कमी असला तर ते काठावरून बाहेर येतं.

टी-लाइटचा, म्हणजे छोट्या चपट्या मेणबत्तीचा, हिशोब वेगळा. तिला स्वतःची पत्र्याची वाटी असते, ती काढायची नाही. मात्र उंच, अरुंद होल्डरच्या तळाशी टी-लाइट ठेवली तर हवा नीट पोचत नाही. ज्योत फडफडते आणि काचेवर काजळी धरते.

कुठलाही ग्लास म्हणजे होल्डर नव्हे

पाणी प्यायचे पातळ ग्लास आणि दांडीचे पेले दिसायला सुंदर असतात, पण उष्णतेसाठी बनवलेले नसतात. मेण संपत आलं की वातीखालची धातूची चकती थेट तळाच्या काचेवर तापते. तळाचा मधला भाग गरम, बाजू थंड, आणि या फरकानेच काच तडकते. चरा, टवका किंवा हवेचा बुडबुडा असलेली काच आणखी लवकर जाते. जाड तळाची, मेणबत्तीसाठीच बनवलेली काच घ्या आणि तळाशी साधारण १ सेंटीमीटर मेण उरलं की मेणबत्ती विझवा. शेवटच्या थेंबापर्यंत जाळण्याचा मोह महागात पडतो. तापलेला होल्डर ओल्या किंवा थंड दगडावर ठेवू नका. लाकडी होल्डर असेल तर आत काचेची किंवा धातूची वाटी हवीच.

मेण चिकटू नये म्हणून होल्डरच्या तळाशी थोडं पाणी घालण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. आमचं मत: नको. मेण पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पाणी खालीच अडकतं आणि जळणं संपत आलं की तेच पाणी तापून गरम मेणाचे शिंतोडे उडू शकतात.

ज्योत काय सांगते ते बघा

ज्योत उंच, नाचरी आणि काच काळी पडते: वात लांब आहे किंवा वारा लागतोय. प्रत्येक वेळी पेटवण्याआधी थंड वात ६ मिलिमीटरवर कापा. टोकाला जमलेला काळा गोळाही काढा, नखकात्री पुरते. कापलेले तुकडे आत पडू देऊ नका, ते पेटले तर दुसऱ्या वातीचं काम करतात. त्यानंतरही ज्योत नाचत असेल तर पंखा, खिडकी किंवा येण्याजाण्याची वाट यांपासून जागा बदला.

ज्योत बारीक होऊन बुडते: वात फारच आखूड कापली गेली आहे. आधी विझवा, मग वातीभोवतीचं थोडं वितळलेलं मेण कागदी रुमालाच्या टोकाने टिपून घ्या. थंड झाल्यावर चमच्याच्या टोकाने वातीजवळचं मेण थोडं खरवडलंत तरी चालेल.

मधे खड्डा, कडेला मेणाची भिंत: पहिल्यांदा पेटवली तेव्हा लवकर विझवली. वरचा पूर्ण भाग कडेपर्यंत पातळ होईस्तोवर, म्हणजे दीड ते दोन तास, ती जळू द्यायला हवी. खड्डा पडलाच असेल तर विझलेल्या मेणबत्तीवर हेअर ड्रायरची गरम हवा धरून पृष्ठभाग सपाट करून घ्या. कितीही छान जळत असली तरी एका वेळी ४ तासांच्या वर जाऊ नका.

मांडणीतल्या चुका

सगळ्या मेणबत्त्या खेटून ठेवल्या की प्रकाश भरगच्च दिसतो खरा, पण त्या एकमेकींना तापवतात. वर उठणाऱ्या गरम हवेने शेजारची ज्योत वाकते आणि मेण एका बाजूने ओघळतं. दोन मेणबत्त्यांत किमान ७-८ सेंटीमीटर सोडा. दाट मांडणीच हवी असेल तर होल्डर जवळ ठेवा आणि एकाआड एकच पेटवा, काचेतल्या प्रतिबिंबांनी बाकीचं काम होतं.

फडताळाच्या कप्प्यात, वरच्या फळीखाली पेटती मेणबत्ती नको, आधी फळी काळी पडते आणि मग तापते. पडदे, पुस्तकं, सुकी फुलं निदान ३० सेंटीमीटर दूर. होल्डरच्या आत सुक्या पाकळ्या, दालचिनी, चमकी टाकणं हा तर सरळ आगीचा साठा. कागदी नक्षीचं वेष्टण फार आवडत असेल तर आत बॅटरीवरचा दिवा ठेवा.

जेवणाच्या टेबलावर होल्डर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या खाली राहतील एवढेच उंच ठेवा आणि तिथे बिनवासाच्याच मेणबत्त्या लावा. गडद निळी काच उजेड गिळते, तिथे पारदर्शक किंवा दुधी काच जास्त उपयोगी. लखलखाट हवा असेल तर पारदर्शक, मऊ उजेड हवा असेल तर दुधी.

विझवताना आणि धुताना

फुंकर मारली की मेण उडतं आणि धूर होतो. धातूच्या चिमट्याने वात वितळलेल्या मेणात बुडवून लगेच सरळ उभी करा, म्हणजे पुढच्या वेळी ती पटकन पेटेल. पाणी कधीच ओतू नका.

होल्डर पूर्ण थंड झाला की तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मेण आकसून सुटतं आणि बोथट सुरीने निघतं. काच खोलीच्या तापमानाला आल्यावरच गरम पाणी आणि साबण लावा, नाहीतर इतकी जपलेली काच बेसिनमध्ये तडकेल. मेणाचे तुकडे आणि जुनी चकती कचऱ्यात टाका. मेणाळ पाणी बेसिनमध्ये ओतलंत तर ते पाइपमध्ये जाऊन गोठतं. नवी मेणबत्ती ठेवण्याआधी तळाला जुनी चकती चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. तिच्यामुळे नवी मेणबत्ती तिरकी बसते आणि मेण एकाच बाजूने जळतं.