गच्च जलपर्णीतल्या मरळीसाठी रॉड बांधून घेताना

मरळीनं फ्रॉग (गळ लावलेला रबरी बेडूक) ओढल्यापासून ती जलपर्णीच्या मुळांत शिरेपर्यंत आपल्या हातात दोन-तीन सेकंद असतात. रॉड बांधून घ्यायचा तो त्या दोन-तीन सेकंदांसाठी. उरलेला दिवस तो हाताला हलका लागला, दिसायला देखणा असला तर उत्तमच. पण आधी हे.

मी भोसरीला एका टूलरूममध्ये लेथवर काम करतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला निघायचं, सोलापूर रस्त्यानं भिगवण गाठायचं आणि उजनीच्या फुगवट्याला लागायचं, हा माझा बारा वर्षांचा नेम. उन्हाळ्यात पाणी उतरून पळसदेवचं देऊळ उघडं पडायला लागलं की बुडालेल्या वेड्या बाभळींची खोडं वर येतात, वाऱ्यानं लोटलेली जलपर्णी एका काठाला येऊन साचते आणि मरळ तिच्या सावलीत बसते. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला वर यावंच लागतं. पानांमध्ये ‘बुळुक’ असा आवाज झाला की समजायचं, ती तिथे आहे. पण आवाज आला तिथून मासा बाहेर काढणं ही वेगळी गोष्ट. जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. मासा मुळांत गुरफटला की आपण दोन किलोची मरळ ओढत नसतो, मरळ आणि वर ओल्या पाल्याचा भारा ओढत असतो.

माझा पहिला बांधून घेतलेला रॉड याच विचारानं फसला. मी बांधणाऱ्याला सांगितलं, ‘सगळ्यात जाड द्या, मोडता कामा नये.’ त्यानं दिला. तो मोडला नाही हे खरं, पण १२ ग्रॅमचा फ्रॉग त्यावरून पंधरा पावलांपुढे जाईना. शेंडा इतका ताठ, की पानांवर फ्रॉग जागच्या जागी नाचवता येईना, नुसता फरफटत यायचा. आणि ज्या दोन मरळी लागल्या त्या काठाजवळ येऊन सुटल्या, कारण माशानं डोकं झटकलं की शेंड्यानं थोडं झुकून दोरा ताणलेला ठेवायला हवा, तो झुकतच नव्हता. गच्च पाल्यातला रॉड म्हणजे दोन रॉड एकात असतात: वरचा एक तृतीयांश भाग हलका फ्रॉग फेकणारा, आणि खालचा दोन तृतीयांश माशाचं तोंड आपल्याकडे वळवणारा. हे गणित जमलं की बाकी सगळं जमतं.

म्हणून बांधणाऱ्याकडे जाताना मनात एखादं मॉडेल घेऊन जाऊ नका, आपलं पाणी घेऊन जा. मी दुसऱ्या वेळी माझे नेहमीचे तीन फ्रॉग नेले, आधी पाण्यात बुडवून वजन केलेले. पोकळ फ्रॉगमध्ये पाणी शिरतं आणि वजन ग्रॅम-दोन ग्रॅमनं वाढतं. आपण फेकतो ते ओलं वजन. रील नेलं, त्यावर ५० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा) भरलेली. आणि एका कागदावर काठाचं चित्र काढून नेलं: पाठीमागे बाभळ कुठे, उभं राहायला जागा किती, पाणी पायापासून किती खाली. बांधणाऱ्या काकांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘तुमच्या डोक्यावर फांद्या आहेत, मग सव्वासात फूट कशाला मागताय?’ लांबी ठरली सहा फूट दहा इंच. धरणाच्या मोकळ्या भिंतीवरून किंवा होडीतून फेकत असाल तर सात फूट, सव्वासात फूट जरूर घ्या, लांब रॉड दोरा जास्त भराभर उचलतो. काट्यांच्या काठावर मात्र तीच लांबी नडते.

ब्लँकवर, म्हणजे ज्यावर रॉड बांधतात त्या कार्बनच्या उघड्या दांडीवर, ‘हेवी’, ‘मीडियम हेवी’ असं छापलेलं असतं. त्या शब्दांना ठरलेलं माप नाही, एका कंपनीचं हेवी दुसरीचं मीडियम हेवी असू शकतं. त्यापेक्षा लूरच्या (फ्रॉगसारख्या नकली आमिषाच्या) वजनाचा आकडा वाचा. तो बहुतेकदा औंसात असतो. एक औंस म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास. ३/८ ते १ औंस लिहिलं असेल तर साधारण साडेदहा ते २८ ग्रॅम, आणि आपले बहुतेक फ्रॉग यात नीट बसतात. ओळीचा सगळ्यात खालचा आकडा तुमच्या सगळ्यात हलक्या फ्रॉगपेक्षा मोठा असेल, तर तो ब्लँक सोडून द्या.

आकडा वाचून झाला तरी हातानं तपासा. मी दोन गोष्टी करतो. पहिली, ब्लँकच्या शेंड्याला चिकटपट्टीनं एम-१० चा नट लावायचा. तो साधारण दहा-अकरा ग्रॅम भरतो, म्हणजे जवळजवळ एक फ्रॉग. फेकल्यासारखा हलका झोका द्यायचा. शेंड्याचा वीतभर-दोन वीत भाग लवून परत आला पाहिजे. दुसरी, बुंधा टेबलाच्या कडेला घट्ट धरायचा, ब्लँक आडवा ठेवायचा आणि शेंड्याला दोऱ्यानं अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली हळूच टांगायची. आता बाजूनं बघा: वाक कुठून सुरू होतो? वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकून खाली सरळ राहिला, तर तो आपला. अर्ध्या किलोतच मधोमध कमान झाली, तर त्या ब्लँकनं मोकळ्या पाण्यात रोहू खेळवावा, जलपर्णीत नको. दोन-तीन ब्लँक शेजारी शेजारी असे लावून पाहिले की फरक डोळ्यांना दिसतो, कुणी सांगावं लागत नाही.

कार्बनच्या ‘टना’वरून बरेच जण भारावतात. ४० टन म्हणजे जास्त मजबूत असा समज आहे, तो चुकीचा आहे. तो आकडा ताठपणाचा आहे. जास्त टनाचा कार्बन तेवढ्याच ताठपणाला हलका पडतो, पण ठिसूळही होतो. आपल्या कामात रॉड बाभळीच्या खोडावर आपटतो, दगडावर पडतो, फ्रॉग उसळून येऊन ब्लँकवर बसतो. कार्बनवर केसाएवढा टवका गेला तरी तो आज मोडत नाही, चार महिन्यांनी मोठ्या माशावर मोडतो. मी २४ किंवा ३० टनाच्या पुढे जात नाही. पाच-दहा ग्रॅम जास्त उचलावे लागतात, चालतं. आणि लांबी कमी करायची असेल तर काकांना स्पष्ट सांगा, कापायचं ते बुंध्याकडून. शेंडा कापला की फ्रॉग फेकणारा भागच गेला.

आता मूठ. यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि संध्याकाळी मनगट दुखलं की रॉडला नावं ठेवतात. घरी एक प्रयोग करा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा दोन-अडीच फुटी तुकडा घ्या, रील जिथे येईल तिथे काळी टेप गुंडाळा आणि फ्रॉग ओढताना जसा धरता तसा धरून पाच मिनिटं उभे राहा. मागचं टोक कोपराच्या किंचित अलीकडे हाताखाली टेकलं पाहिजे, कारण मासा लागला की दुसरा हात मागे धरून जोर तिथूनच येतो. टोक फार लांब असेल तर मनगट खाली वळवताना ते बरगडीत लागतं, आणि पावसाळ्यात रेनकोटच्या खिशात अडकतं. पाइप थोडा थोडा कापत जा. माझं माप ट्रिगरपासून (रीलखाली बोट अडकवायची खुंटी) मागे साडेदहा इंच निघालं, माझ्या मेहुण्याचं नऊ. तो तुकडाच काकांना नेऊन दिला. मुठीला ईव्हीए फोम घ्या, चिखलाचा हात लागला तरी धुतलं की स्वच्छ. कॉर्क हाताला फार छान लागतो, पण चांगल्या प्रतीचा महाग पडतो आणि काठावर घासला की खपल्या निघतात.

रील सीटबद्दल, म्हणजे मुठीवर रील जिथे बसतं त्या भागाबद्दल, जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या पहिल्या रॉडचा शेवट तिथेच झाला. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी हुक सेट केला, म्हणजे गळ तोंडात रुतवायला हिसका दिला, आणि रील माझ्या हातात बाजूला फिरलं. मासा गेलाच. घरी येऊन सीट कापून पाहिलं, तर ब्लँक आणि सीटमधली पोकळी कागदी मास्किंग टेपच्या गुंडाळ्यांनी भरलेली. पाणी आत गेलं होतं, टेपचा लगदा झाला होता. शाफ्टवर ढिली पुली बसवायची तर आपण मध्ये नीट मापाचा बुश घालतो, कागद कोंबत नाही. इथेही तसाच बुश लागतो, रॉड बांधणारे त्याला आर्बर म्हणतात. तो कडक फोमचा किंवा कार्बनचा असावा, ब्लँकच्या मापाला आतून कोरलेला (रीम केलेला) आणि पूर्ण लांबीभर इपॉक्सी गोंदानं भरलेला. सीट चिकटवण्याआधी बघायला बोलवा, असं मी आता आधीच सांगून ठेवतो. चांगला कारागीर याचं वाईट वाटून घेत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते ब्लँक आणि सीटवर घाला, रंगीत दोरा आणि नावाची पट्टी पुढच्या वर्षी.

गाइड कड्यांची (दोरा ज्यांतून जातो त्या कड्यांची) दुकानातली फॅशन म्हणजे बारीक मायक्रो कडी. आपल्याला ती नकोत. ब्रेडबरोबर शेवाळाचे तंतू येतात आणि बारीक कड्यात बोळा होऊन बसतात. शेंड्याला ६ नंबरचं कडं, मधली दोन पायांची, आतली रिंग सिलिकॉन कार्बाइडची किंवा अल्कोनाइटची, म्हणजे ब्रेड तिला चर पाडत नाही. कडी बांधण्याआधी ती टेपनं तात्पुरती लावून दोरा ओवायला सांगा आणि रॉड वाकवून बघा. बेटकास्टिंग रॉडला (ज्यावर रील वर बसतं) कडी वरच्या बाजूला असतात, म्हणून वाकलेल्या रॉडवर दोरा कुठेही ब्लँकला टेकता कामा नये. टेकला, तर तिथे एक कडं वाढवायचं किंवा जागा सरकवायची. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि ते एकदाच करता येतं. ब्लँकच्या ‘कण्या’वरून (तो ज्या रेषेवर जास्त ताठ असतो ती) खूप वाद चालतात, माझ्या मते रॉड सरळ दिसणं आणि कडी एका रेषेत असणं महत्त्वाचं. शेंड्याकडून बंदुकीसारखा एक डोळा मिटून पाहा.

बांधायला कधी द्यायचा? दिवाळीनंतर. श्रावणातल्या दमट हवेत इपॉक्सीवर धुरकट चिकट थर येण्याची भीती असते. हिवाळ्यात पुण्याची हवा कोरडी, काम काचेसारखं होतं. शिवाय घाई नसते, मरळीचा हंगाम तापायला अजून चार महिने असतात.

आणखी एक गोष्ट, जी कारवाल्यांना सुचत नाही. सात फुटी अखंड रॉड मोटरसायकलवर शंभर किलोमीटर न्यायचा म्हणजे हडपसरच्या गर्दीतच त्याचा शेंडा कुणाच्या तरी आरशात अडकतो. पण मधोमध दोन तुकडे केले तर वाक तुटक होतो. माझ्या रॉडला सांधा मुठीपाशी आहे: मूठ वेगळी निघते, वरचा ब्लँक अखंड राहतो. उरलेली लांबी ७५ मिलिमीटरच्या शेतीच्या पाइपमध्ये बसते, दोन्ही टोकांना कॅप, आत जुन्या गोधडीचा तुकडा. पाइप गाडीला आडवा नाही, लांबीनं बांधायचा.

रॉड ताब्यात घेताना कापसाचा बोळा प्रत्येक कड्यातून फिरवा. एक तंतू जरी अडकला तरी रिंगला चीर आहे, बदलून घ्या. रील लावून मूठ पिरगाळून बघा, कुठे करकर वाजता कामा नये.

पाण्यावर गेल्यावर रॉड मोडतो तो बहुतेक काठाजवळ. मासा पायाशी आला की माणूस आनंदानं रॉड सरळ आभाळाकडे उभा करतो. मग सगळा भार एकट्या शेंड्यावर येतो. मूठ खाली ठेवा, वाकून जाळ्यानं घ्या. फ्रॉग बाभळीत अडकला तर रॉडनं उपसू नका. ५० पौंडी ब्रेड म्हणजे २२ किलोंहून जास्त ताण, ती तुटायच्या आधी रॉड तुटेल. रॉड दोऱ्याच्या रेषेत सरळ करा, दोरा लाकडाच्या दांडक्याला गुंडाळा आणि मागे चाला. मरळीनं फ्रॉगवर झडप घातली तरी लगेच हिसका देऊ नका. एक, दोन मोजा, ढिला दोरा गुंडाळा, मग दोन्ही हातांनी. जिथे पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका खळखळताना दिसेल तिथे फ्रॉग टाकूच नका. खाली आई-बाप राखणीला असतात आणि त्यांना उचललं तर तो सगळा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो. धरणाचा मासेमारीचा ठेका गावातल्या ज्या सोसायटीकडे असेल तिला आधी विचारा. मला आजवर कुणी सरळ विचारल्यावर नाही म्हटलेलं नाही, उलट मरळ कुठल्या खोडाखाली आहे तेही सांगितलंय.

कार्बनमधून वीज वाहते. भिगवणच्या काठाला शेतीपंपांच्या तारा जागोजागी खाली लोंबतात, म्हणून फेकण्याआधी मी रोज मान वर करून पाहतो. मे महिन्यात दुपारी वळवाचे ढग चढले आणि लांब कुठे पहिला गडगडाट झाला, की रॉड जमिनीवर आडवा ठेवतो आणि जवळच्या घरात आत जाऊन बसतो, पाण्यात समोर मरळ उसळत असली तरी.