एल निनोच्या बातमीवरून आपल्या भागातल्या हिवाळी पावसाचा अंदाज कसा काढायचा

यंदा एल निनो आहे (पॅसिफिक महासागरातलं पाणी नेहमीपेक्षा गरम), यंदा ला निना आहे (तेच पाणी नेहमीपेक्षा थंड) अशा बातम्या आल्या की लोक लगेच ठरवून टाकतात, हिवाळ्यात पाऊस पडणार किंवा नाही पडणार. इतकं सरळ ते नसतं, पण म्हणून ही माहिती बिनकामाची पण नाही. एक एक्सेल शीट आणि एक निवांत दुपार असेल तर कोणालाही बरंच काही काढता येतं.

सगळ्यात आधी बघा की तुमच्याकडे हिवाळी पाऊस येतो कुठून, कारण एकच एल निनो वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा वागतो. तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वारे पाऊस आणतात, पंजाब-हिमाचलकडे वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणजे पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, कॅलिफोर्नियात पॅसिफिकवरून येणारी वादळं. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा हिवाळा तर जून ते ऑगस्ट. तुमचे महिने कुठले ते आधी लिहून ठेवा.

आता इतक्या लांबच्या समुद्राचा संबंध काय? एल निनोत पॅसिफिकवरचे व्यापारी वारे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे वारे, मंदावतात, पश्चिमेकडचं गरम पाणी मध्य आणि पूर्व भागात सरकतं, त्याच्यामागे मोठे पावसाळी ढगही सरकतात, त्या ढगांतून वर सुटलेल्या उष्णतेने हवेत हजारो किलोमीटर जाणाऱ्या लाटा उठतात आणि जेट स्ट्रीमची, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याची, वाट हलते. वादळं जेट स्ट्रीमच्या वाटेने जातात, म्हणून अशा हिवाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडे पाऊस वाढायचा कल असतो आणि वायव्य कोपरा कोरडा राहायचा.

मग आकडा बघा. निनो ३.४ म्हणून विषुववृत्तावरचा एक पट्टा आहे, १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशाचा, तिथलं पाणी सरासरीपेक्षा ०.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त गरम राहिलं तर एल निनो, तितकंच थंड राहिलं तर ला निना. पण ०.६ आणि २.० या दोन्हीला नाव एकच मिळतं हे लक्षात ठेवा, नुसत्या नावावर जाऊ नका. पॅसिफिकमधलं ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन यांच्यातल्या हवेच्या दाबातल्या फरकाचा निर्देशांकही बघा. पाणी तापलं पण हवेने साथ दिली नाही तर परिणाम लंगडा पडतो.

आता खरं काम, आणि हेच बहुतेक लोक करत नाहीत. जवळच्या पर्जन्यमापकाच्या जितक्या जुन्या मिळतील तितक्या वर्षांच्या हंगामी बेरजा घ्या, कमीपासून जास्तपर्यंत लावा, तीन सारखे भाग पाडा, कोरडी, मधली आणि ओली. अमेरिकेच्या नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेकडे १९५० पासूनची एल निनो-ला निनाची यादी आहे, ती शेजारी लावा आणि मोजा. समजा २४ एल निनो वर्षांपैकी १३ ओली, ७ मधली, ४ कोरडी निघाली, तर कल आहे, कारण काहीच संबंध नसता तर साधारण ८-८-८ निघाली असती. ९-८-७ आलं तर तुमच्या भागाला एल निनोने फारसा फरक पडत नाही, तिथेच थांबा. डिसेंबर ते फेब्रुवारी मोजताना डिसेंबर पुढच्या जानेवारीला जोडा, नाहीतर सगळा हिशोब चुकतो.

त्या ४ कोरड्या वर्षांकडे दुर्लक्ष करू नका. १९९७-९८ च्या तगड्या एल निनोत कॅलिफोर्नियात धो धो पाऊस झाला, २०१५-१६ चा एल निनो तेवढाच तगडा होता तरी दक्षिण कॅलिफोर्निया कोरडाच राहिला, आणि २०२२-२३ मध्ये ला निना असूनही तिथे पूर आले. कल म्हणजे खात्री नाही, हे शेतकऱ्याला किंवा धरणवाल्याला सांगताना मी दोनदा सांगेन.

दुसरा समुद्रही तपासा. हिंदी महासागराचा डायपोल पॉझिटिव्ह असला, म्हणजे त्याच्या पश्चिम भागातलं पाणी पूर्वेपेक्षा नेहमीहून गरम असलं, की पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर-डिसेंबरचा पाऊस वाढतो, २०१९ मध्ये तिथे पूर आले आणि ऑस्ट्रेलिया होरपळला. पण हा डायपोल साधारण डिसेंबरपर्यंत विरतो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या पावसासाठी त्याच्यावर फार विसंबू नका. युरोपात तर आइसलँड आणि अझोर्समधल्या दाबाच्या फरकाला जास्त वजन द्या, तो घटला की स्पेन-पोर्तुगालकडे पाऊस वाढतो, २००९-१० च्या हिवाळ्यात तसंच झालं.

कधी बघायचं? उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यासाठी मार्च ते मे मधले अंदाज सोडून द्या, त्या काळात मॉडेल्स सगळ्यात कच्ची असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चित्र बरंचसं ठरतं आणि एल निनो बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीत शिखरावर असतो. नोआचं अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी येतं, ते आलं की शीटमधला आकडा बदला. हंगाम सुरू झाल्यावर मात्र पुढच्या दोन-तीन आठवड्यांसाठी एमजेओ बघा, म्हणजे विषुववृत्तावरून ३० ते ६० दिवसांत फेरी मारणारा ढगांचा पट्टा.